नीलवंताचा कोष काळवंडत आहे, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही चिपळूणजवळ राहतो. घराच्या पडवीत कुंडीत लावलेल्या पपनसावर जूनच्या अखेरीस नीलवंताची मादी घिरट्या घालत होती. जाताना तिने कोवळ्या पानावर बाजरीच्या दाण्याएवढे एकच हिरवट अंडे ठेवले. हे फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू झाले, तेव्हापासून त्याची वाढ जवळून पाहावी असे मनात होतेच.

अळीने बाहेर येताच आधी अंड्याचे कवच खाल्ले. सुरुवातीला ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. आईने तर ती शीट समजून पान पुसायला घेतले होते. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवी झाली, अंगावर खोटे डोळे उमटले आणि जरा धक्का लागला की डोक्यामागून दुभागलेला अवयव बाहेर काढून ती उग्र वास सोडू लागली. पुढे माडावर चढणाऱ्याने कमरेला दोर घ्यावा तसा रेशमी धागा अंगाभोवती घेऊन तिने खोडावर हिरवा कोष केला.

अडचण इथून पुढची आहे. कोष अजून मऊ असताना, दुसऱ्याच दिवशी सकाळी, मुंगीहूनही लहान अशी चमकदार हिरवी गांधीलमाशी त्यावर बसलेली दिसली. मी तिला हाकलले, पण तोवर ती किती वेळ बसली होती कोण जाणे. आज पंधरावा दिवस आहे. कोष एका बाजूने तपकिरी पडू लागला आहे आणि पूर्वी गवताची काडी लावताच जो झटका देत असे, तो आता अजिबात हलत नाही. फुलपाखरू निघण्याआधी कोष गडद होतो व कवचातून पंखांची नक्षी दिसते हे मला ठाऊक आहे. मात्र इथे काळ्या पंखावरचा निळा पट्टा कुठेच दिसत नाही, नुसते डाग पसरत आहेत.

हा त्या माशीच्या अळ्यांचाच प्रादुर्भाव समजावा, की आणखी काही दिवस वाट पाहावी? शेजारी कोष बरणीत ठेवायला सांगतात, पण बारा ते पंधरा सेंटिमीटर पंखविस्ताराच्या फुलपाखराला लटकून पंख सुकवायला तिथे जागा कशी पुरणार? शिवाय त्याच झाडावर दुसरी अळी आता हिरवी झाली आहे. तिने कोष करताच पहिले एक-दोन दिवस फांदीला मलमलीचे कापड सैलसर बांधले तर चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.