मदत हवी आहे: थ्रिलर मालिका वाचायची आहे, पण सुरुवात नेमकी कुठून करू?

अर्धवट वाचक

नमस्कार मंडळी.

कॉलेज संपलं आणि वाचन जे सुटलं ते सुटलंच. पंधरा-सोळा वर्षांत बातम्या आणि मोबाइल सोडून काही वाचलं नाही. मध्यंतरी ओटीटीवरच्या पोलिसी आणि मारधाडीच्या मालिकांचं व्यसन लागलं. त्यातल्या बऱ्याचशा मुळात पुस्तकं आहेत असं कळलं, तेव्हा म्हटलं आता वाचूनच बघू.

पहिलाच प्रयत्न फसला. जो नेस्बो या नॉर्वेजियन लेखकाचं 'द स्नोमॅन' आणलं, कारण जी यादी उघडावी तिच्यात ते असतंच. साठ पानांवर थांबलो. हॅरी होल नावाचा पोलीस सारखा कसल्या तरी जुन्या गोष्टीने कासावीस होतो, राकेल नावाच्या बाईशी त्याचं संपलंय की चालू आहे ते कळत नाही, ऑफिसातले लोक त्याच्याकडे अशा नजरेने बघतात की मागे काहीतरी मोठं घडून गेलंय. काय घडलंय ते सगळ्यांना ठाऊक, मी सोडून. अनोळखी घरात भांडण चालू असताना आपण पाहुणे म्हणून जाऊन बसावं तसं वाटलं. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने नावं लिहीत होतो. अकरावं नाव लिहिलं आणि पुस्तक मिटलं.

अटी सांगतो. रात्री जेमतेम अर्धा तास मिळतो, त्यामुळे प्रकरणं छोटी असली तर बरं. इंग्रजी वाचतो, पण सावकाश. हाणामारी, गोळीबार हवाच आहे. छळाची रंगवून केलेली वर्णनं नकोत आणि लहान मुलांवरचे अत्याचार तर अजिबात नकोत. मालिकाच हवी, म्हणजे दर वेळी नव्या माणसांशी ओळख करून घ्यायला नको.

आणि एक बाळबोध प्रश्न: पहिल्या पुस्तकापासूनच सुरू करावं लागतं का?

टोकाचं पान

प्रश्न मुळीच बाळबोध नाही, आणि स्नोमॅनमध्ये तुमचं काही चुकलेलं नाही. ते हॅरी होलचं सातवं पुस्तक. तुम्ही सहा पुस्तकं मागे टाकून घुसलात, मग भांडण कळणार कसं!

या मालिकेत अजून एक गोची आहे. मूळ नॉर्वेजियन पहिलं पुस्तक 'द बॅट' १९९७ सालचं. पण इंग्रजीत सगळ्यांत आधी आलं ते पाचवं, 'द डेव्हिल्स स्टार', २००५ मध्ये. मग तिसरं, 'द रेडब्रेस्ट', २००६ मध्ये. पहिलं इंग्रजीत यायला २०१२ उजाडलं! त्यामुळे ज्यांनी इंग्रजीत जसजशी आली तसतशी वाचली त्यांची जी फरफट झाली ती विचारू नका. 'द रेडब्रेस्ट', 'नेमेसिस' आणि 'द डेव्हिल्स स्टार' या तिघांत एक धागा सलग चालतो, आणि त्याची गाठ 'द डेव्हिल्स स्टार'मध्ये सुटते. माझ्यासारख्याने ती गाठ आधी वाचली आणि नंतर धागा. एका माणसाबद्दल जे संशय यायला हवे होते ते आलेच नाहीत, कारण मला आधीच ठाऊक होतं.

म्हणून नियम एकच: अनुवादित मालिका असेल तर इंग्रजी आवृत्तीचं साल बघू नका, मूळ भाषेतला क्रम बघा. होलकडे परत जायचंच असेल तर 'द रेडब्रेस्ट'पासून जा. पण आत्ता नको. तुमच्या छळवर्णनाच्या अटीत ही मालिका पुढे पुढे बसत नाही.

कुंपणावरचा

जॅक रीचर. विषय संपला.

बरं, संपत नाही, लिहितो. ली चाइल्ड हा मूळचा ब्रिटिश माणूस. टीव्ही कंपनीतली नोकरी १९९५ मध्ये गेली म्हणून लिहायला बसला आणि १९९७ मध्ये 'किलिंग फ्लोर' आलं. रीचर म्हणजे अमेरिकी मिलिटरी पोलिसातून बाहेर पडलेला मेजर, उंची सहा फूट पाच इंच. घर नाही, सामान नाही. खिशात घडीचा टूथब्रश. कपडे मळले की धुवायच्या भानगडीत पडत नाही, नवे घेतो आणि जुने टाकून देतो. एका गावात उतरतो, तिथलं प्रकरण निस्तरतो, पुढची बस पकडतो. मागच्या पुस्तकातलं लटांबर पुढच्यात क्वचितच येतं, त्यामुळे तुमचं पेन्सिलीचं काम वाचलं.

पहिल्यापासून सुरू करू नका असं माझं मत. 'किलिंग फ्लोर' चांगलंच आहे, पण त्यातले खून फार ओंगळ आहेत, तुम्ही परत साठाव्या पानावर थांबाल. 'वन शॉट' घ्या, २००५ सालचं, मालिकेतलं नववं. एक माणूस पार्किंगच्या इमारतीतून सहा गोळ्या झाडतो, पाच माणसं मरतात. पुरावे इतके पक्के की पोलीस काही तासांत आरोपीच्या दारात. आरोपी तोंड उघडतो ते इतकंच सांगायला, की रीचरला शोधून आणा. आणि रीचर येतो तो त्याला वाचवायला नाही! याहून जास्त सांगणार नाही.

खिडकीची सीट

रीचरला माझा विरोध नाही, पण नव्या वाचकाला कोणीतरी खरं सांगायला हवं. तीन-चार पुस्तकं धडाधड होतात, मग साचा दिसायला लागतो. पाच जण अंगावर येतात, हा मनात हिशेब करतो कोणाला आधी पाडायचं, आणि मग पाडतो. दर वेळी. मी सलग सहा वाचली आणि नंतर वर्षभर त्या बाजूला फिरकले नाही. सहा महिन्यांतून एक वाचा, मग मजा टिकते.

तुम्हाला दर वेळी नव्या माणसांशी ओळख नकोय ना, तर तुमचा माणूस पोलीस डिटेक्टिव्ह हॅरी बॉश. मायकेल कॉनेली लॉस एंजेलिसमध्ये वर्तमानपत्रासाठी गुन्ह्यांच्या बातम्या करायचा, त्यामुळे पोलीस ठाण्यातली कागदपत्रं, वरिष्ठांचं राजकारण, कोणता कॉल कोणाकडे जातो हे सगळं आतून आलेलं आहे. पहिलं 'द ब्लॅक एको', १९९२. धरणाजवळच्या एका पाइपात प्रेत सापडतं आणि बॉश त्या माणसाला ओळखतो, कारण व्हिएतनाम युद्धात दोघं शत्रूच्या भुयारांत उतरणाऱ्या एकाच तुकडीत होते. रीचर आहे तिथेच राहतो, बॉश म्हातारा होतो. वर्षं खरोखर जातात. गुडघे कुरकुरतात, निवृत्ती येते, मुलगी मोठी होते. हे क्रमानेच वाचायचं, इथे तडजोड नाही.

एक इशारा: 'द ब्लॅक एको'त वाराप्रमाणे, तारखेप्रमाणे मोठाले भाग पाडलेत, त्यामुळे अर्ध्या तासात 'एक प्रकरण संपवलं' हे समाधान मिळत नाही. ते खटकत असेल तर कॉनेलीचंच 'द लिंकन लॉयर' (२००५) आधी घ्या. गाडीच्या मागच्या सीटवर ऑफिस थाटलेला वकील, प्रकरणं आटोपशीर, आणि कोर्टातली उलटतपासणी कुठल्याही मारामारीपेक्षा कमी नाही. त्या वकिलाचं बॉशशी काय नातं आहे ते मी सांगत नाही.

कुंपणावरचा

हिशेब करतो तेच तर वाचायचं असतं हो!

दहात संपलं

मार्टिन बेक, स्वीडनमधला पोलीस डिटेक्टिव्ह. १९६५ ते १९७५, दहा पुस्तकं, प्रत्येकात तीस प्रकरणं, संपलं. नवं कधी येणार याची वाट बघणं नाही. माय श्योवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडप्याने मुलं झोपल्यावर, एक प्रकरण याने तर पुढचं तिने, अशी लिहिलेली. हाणामारी मात्र कमी. पहिल्यात, म्हणजे 'रोझॅना'त, कालव्यात एका बाईचं प्रेत मिळतं आणि ती कोण हे कळायलाच कितीतरी पानं जातात. मला तीच कंटाळवाणी वाट बघणं आवडतं. तुम्हाला कदाचित नाही.

जुनी बांधणी

मंडळी सगळी परदेशात हिंडताहेत. इंग्रजी सावकाश वाचतो असं त्यांनी लिहिलंय, ते कुणी वाचलं का?

बाबूराव अर्नाळकर. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिलेला माणूस. झुंजार किंवा काळापहाड या त्यांच्या नायकांचं जे मिळेल ते उचला. क्रमबिम काही नाही, पुस्तक छोटं, दोन-तीन रात्रींत हातावेगळं. भाषा जुन्या वळणाची आहे आणि योगायोग ढिगाने आहेत, आजच्या मालिका बघितलेल्या माणसाला हसू येईल, हे कबूल. पण वाचनाची सवय मोडलेल्या माणसाला 'मी एक पुस्तक संपवलं' ही भावना आधी लागते. त्यानंतर सुहास शिरवळकर. बॅरिस्टर अमर विश्वासच्या कथा घ्या. संवाद असे पळतात की पान कधी उलटलं कळत नाही. तिथून मग तुमचे रीचर-बिचर.

टोकाचं पान

+१. सुटलेल्या वाचनासाठी शिरवळकर हे औषध आहे. माझं असंच परत सुरू झालं होतं.

अवांतर, पण रीचर घेणार असाल तर उपयोगी पडेल. याच्या काही पुस्तकांची ब्रिटनमधली आणि अमेरिकेतली नावं वेगळी आहेत. 'द व्हिजिटर' आणि 'रनिंग ब्लाइंड' हे एकच पुस्तक. मी दोन्ही घेतली. दुसरं मोठ्या हौसेने उघडलं, पहिल्या पानावर वाटलं, हा लेखक स्वतःचीच नक्कल करायला लागला की काय. तिसऱ्या पानावर उठलो आणि कपाटातलं पहिलं काढून शेजारी ठेवलं. ओळ न् ओळ तीच. आता घेण्याआधी आतल्या पानावरची बारीक अक्षरं बघतो, तिथे बहुतेकदा 'पूर्वी अमुक नावाने प्रकाशित' असं असतं.

खिडकीची सीट

आणि पुस्तकांच्या साइटवर मालिकेच्या नावापुढे जो आकडा असतो तोही तपासून घ्या. काही ठिकाणी प्रकाशनाचा क्रम असतो, काही ठिकाणी कथेतल्या काळाचा. रीचरचं 'द एनिमी' २००४ मध्ये आलं, पण ते घडतं १९९० च्या उंबरठ्यावर, तो सैन्यात असताना. एका यादीत ते आठवं, दुसरीत कुठेतरी अगदी वर. कथेच्या काळाने वाचायला जाऊ नका. लेखकाने आठव्यात सांगितलेली गोष्ट सात वाचलेल्या माणसासाठी असते.

अर्धवट वाचक

सगळ्यांचे आभार. इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

स्नोमॅन सध्या कपाटात, पेन्सिलीच्या यादीसकट. ठरवलंय ते असं: शिरवळकरांचं एक आणि 'वन शॉट', दोन्ही एकदम उशाशी. इंग्रजीने डोकं शिणलं की मराठी. बॉश त्यानंतर, आणि क्रमाने. खिडकीची सीट यांचा धाक वाटतो.

अर्धवट वाचक

पाच दिवसांनी परत आलोय.

अमर विश्वास दोन रात्रींत संपला. जुनी बांधणी, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, पुस्तक मिटल्यावर उगाच उठून पाणी प्यायलो आणि घरात एक चक्कर मारून आलो.

'वन शॉट' काल सुरू केलं. एक शंका आहे. तो माणूस पार्किंगमध्ये गाडी लावतो. काही मिनिटांत पाच माणसं मारणार आहे. आणि मीटरमध्ये नाणं टाकतो? पार्किंगच्या दंडाची पावती येऊ नये म्हणून? मी ते पान तीनदा वाचलं. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. हे लेखकाचं चुकलंय की मुद्दाम आहे?

कुंपणावरचा

त्या नाण्याबद्दल इथे कोणीही एक अक्षर लिहायचं नाही. तुम्ही पुढे वाचा.