खालच्या शेजाऱ्याने जेसीबीने माती काढली, आता संरक्षक भिंतीचा खर्च कोणी करायचा?

लांजेकर:
नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यात आमचं गावचं घर आहे, उतारावर. खालची जागा एका गृहस्थांनी विकत घेतली आणि दिवाळीनंतर घरासाठी सपाटी करायची म्हणून जेसीबी लावून आमच्या हद्दीला अगदी चिकटून माती काढली. आता तिथे नऊ-दहा फुटांची उभी दरड झालीय. हद्दीवर आमचा जुना चिऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण) होता तो या पावसात दोन ठिकाणी खाली गेला, कडेच्या हापूसच्या कलमाची मुळं उघडी पडलीत, आणि मागची पडवी तिथून जेमतेम वीस फुटांवर आहे. घर आजोबांच्या वेळचं.
शेजारी म्हणतात माती तुमची ढासळतेय, चिखल माझ्या अंगणात येतोय, तेव्हा भिंत तुम्हीच बांधा, फार तर निम्मे देतो. काका म्हणतात गावात वैर नको, अर्धे देऊन मोकळा हो. मला हे पटत नाहीये पण नियम काय आहे ते नीट सांगता येत नाही. कुणाला माहिती आहे का?

वकील_चिपळूण:
नियम आहे आणि जुना आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२, कलम ७ मधलं उदाहरण (ई) वाचा. प्रत्येक जमीनमालकाला आपली जमीन नैसर्गिक स्थितीत असताना शेजारच्या मातीचा जो नैसर्गिक आधार मिळतो तो मिळत राहण्याचा हक्क आहे. शेजाऱ्याने स्वतःच्या जागेत खोदावं की, पण तुमच्या जमिनीचा आधार काढून घ्यायचा नाही, आणि काढला तर तो परत उभा करणं त्याच्याकडे येतं. त्यामुळे "माती तुमची म्हणून भिंत तुमची" हे चालत नाही, माती आपणहून ढासळलेली नाही.
आता दोन बारकावे. हा हक्क मोकळ्या जमिनीचा आहे, घराच्या वजनाचा नाही. पण कलम १५ प्रमाणे घराचा भार असलेल्या जमिनीला तो आधार विनातक्रार, सलग २० वर्षं मिळत आला असेल तर घरासाठीही हक्क सांगता येतो, आणि तुमचं घर आजोबांच्या वेळचं आहे, म्हणजे घरपट्टीच्या जुन्या पावत्या शोधा. दुसरं, कलम ३४ प्रमाणे नुसता आधार काढला म्हणून भरपाई मिळत नाही, प्रत्यक्षात लक्षणीय नुकसान व्हावं लागतं. ते तुमचं झालंय. गडगा पडलेला, मुळं उघडी पडलेली, सगळ्याचे तारखेसकट फोटो काढून ठेवा आणि अजून खोदाई चालू असेल तर मनाई हुकूम मागता येतो, त्यासाठी घर पडायची वाट बघावी लागत नाही.
काकांना सांगा, आधी मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज टाका. गडगा म्हणजेच हद्द असं गावात सगळे धरून चालतात आणि मोजणीला तो चार फूट इकडे नाहीतर तिकडे निघतो.

कुडाळकर:
एक विचारू का, राग मानू नका. तुमच्या बाजूला कधी भराव टाकलाय का? आमच्याकडे अगदी उलटी केस होती, वरच्याने खळं मोठं करायला माती आणून टाकली, उंची वाढवली, आणि पावसात ती आमच्या माडांवर आली. तिथे भिंत वरच्याचीच. ज्याने मूळ उतार मोडला त्याचा खर्च, वर असो की खाली, गावातली जाणती माणसंही हेच सांगतील.

लांजेकर:
भराव नाही टाकलेला, वडिलांना विचारून सांगतो. पण पागोळ्यांचं आणि न्हाणीचं पाणी त्याच बाजूला जातं हे खरं आहे.

सिव्हिलवाला:
मग तेवढी जबाबदारी तुमची धरा, कारण भिंत पडते ती बहुतेक वेळा पाण्याने. उतारावरून आपसूक वाहणारं पावसाचं पाणी खालच्याने घ्यायचं असतं, ते त्याला अडवता येत नाही, पण पन्हळ लावून एका जागी सोडलेलं पाणी आणि न्हाणीचं सांडपाणी त्यात येत नाही. ते आजच वळवा. कडेपासून मागे चर मारून पाणी बाजूला काढा, दरडीवर ताडपत्री टाका, वरून चिरे ठेवून दाबा. भर पावसात पाया खणायला देऊ नका कुणाला, दरड अंगावर येते.
भिंतीचं म्हणाल तर दहा फुटाला नऊ इंची चिऱ्याची सरळ भिंत बांधून देतो म्हणणारा गवंडी भेटेल, त्याला नमस्कार करा. मातीचा दाब घेणारी दगडी भिंत तळाला उंचीच्या निम्म्याहून जास्त रुंद लागते, म्हणजे पाच-सहा फूट. आरसीसी केली तर भिंत बारीक दिसते पण तळाच्या स्लॅबचा मोठा भाग मागे मातीखाली जातो, म्हणजे हद्दीवर बांधली तर तो तुमच्या जागेत येणार. शेजारी "तुम्हीच बांधा" म्हणतायत त्यात हेही असतं, पैसे वाचतात आणि प्लॉटही पूर्ण वापरायला मिळतो. त्यांनी हद्दीपासून आत सरकून बांधावी. मागे खडी भरायची, भिंतीत पाणी निघायला पाईप ठेवायचे, आणि ते नंतर कुणी सिमेंटने बुजवायचे नाहीत. जागा असेल तर एका दहा फुटी भिंतीऐवजी पाच-पाच फुटांचे दोन टप्पे, मध्ये चार-पाच फुटांची पट्टी, ते स्वस्तही पडतं पण डिझाइन इंजिनिअरकडूनच घ्या, मी फोटो न बघता सांगतोय.

लांजेकर:
वडिलांशी बोललो, भराव कधीच नाही, उलट तिथे पूर्वीपासून उतरणीची पायवाट होती. आता शेजाऱ्यांना असं सांगणार आहे की भिंत तुमची, तुमच्या हद्दीत, पाण्याचा चर आणि पडलेल्या गडग्याची वरची बांधणी आमच्या खर्चाने. हे बरोबर आहे ना?

वकील_चिपळूण:
बरोबर आहे, गडग्याचे पैसे खरं तर तुम्ही मागू शकता पण सोडताय तर चांगलंच आहे, बोलणं सोपं होईल. फक्त तोंडी ठेवू नका. ५०० च्या स्टॅम्पवर लिहा, सोबत मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, जोडा, आणि पुढे दुरुस्ती कोणी करायची, पाईप साफ कोणी करायचे हेही त्यात घाला. आणि सातबारा बघा, काकांचं नाव सामाईक असेल तर त्यांची सही लागेल, मुंबईतल्या चुलत भावंडांचीसुद्धा.