गुळातली रताळी: उपासाचं पौष्टिक खाणं की गोडाचा पदार्थ?

इंदिरानगरकर

महाशिवरात्र तोंडावर आली आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी गंगाघाटावर रताळ्यांचे ढीग लागलेत आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुळातल्या रताळ्यांची कृती फिरते आहे. कृतीबद्दल तक्रार नाही. तिच्याखाली लिहिलंय, "बीटा कॅरोटीनचा खजिना, साखर नसल्याने मधुमेह्यांनीही बिनधास्त खावी." आक्षेप या ओळीला आहे. आमच्या घरात सासूबाईंना मधुमेह आहे आणि असं काही वाचलं की त्या वाटी पुढे करतात.

कृतीतलं प्रमाण असं: अर्धा किलो रताळी, दीडशे ग्रॅम गूळ, तीन मोठे चमचे तूप, वेलदोडा. चार जणांना पुरतं. आता हिशेब करू. कच्च्या रताळ्यात 100 ग्रॅममागे साधारण 86 कॅलरी, म्हणजे अर्ध्या किलोच्या 430. गुळाच्या जवळपास 570. तुपाच्या साडेतीनशेच्या आसपास. एकूण साडेतेराशे, माणशी 340 च्या घरात. त्यात रताळ्याच्या जेमतेम शंभर-सव्वाशे, बाकी सगळा गूळ आणि तूप.

गुळात साखर नाही हे कोणी सांगितलं? गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो. माणशी सदतीस-अडतीस ग्रॅम गूळ पोटात गेला म्हणजे तीस ग्रॅमच्या पुढे साखर गेली. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की वरून घातलेल्या साखरेचा वाटा दिवसभराच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत असावा, जमल्यास 5 टक्क्यांच्या. 2000 कॅलरी धरल्या तर 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. एका वाटीतच ते ओलांडलं. गुळात लोह असतं म्हणून तो औषधी, हेही पुरे झालं. लोहासाठी गूळ खायचा तर इतका खावा लागेल की आधी साखरच अंगावर येईल.

माझं म्हणणं एवढंच: करा, खा, पण ताटात त्याला श्रीखंड-बासुंदीच्या रांगेत बसवा.

गोदाकाठ

ताई, बेरीज बरोबर आहे, पण तुलना कशाशी करताय? उपासाच्या दिवशी रताळ्यासमोर पोळी, वरण, पालेभाजी नसते. समोर असतो साबुदाणा, तळलेला बटाट्याचा चिवडा, नाहीतर वेफर्सची पिशवी. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट (स्टार्च), प्रथिनं नाहीत म्हणण्याइतकीच, चोथा (फायबर) नाही. रताळ्यात 100 ग्रॅममागे 3 ग्रॅम चोथा, तीनशेच्या वर मिलिग्रॅम पोटॅशियम. ते गुळात घातलं म्हणून नाहीसं होत नाही. आमच्या घरी आई वर्षानुवर्षं शिवरात्रीला हेच करते आणि उपासाच्या दुसऱ्या दिवशी पोट धरून बसायची वेळ येत नाही. साबुदाण्याबद्दल असं म्हणता येईल?

आणि वर्षातून दोन-तीनदा होणाऱ्या पदार्थाला वर्षभराच्या साखरेचा नियम लावायचा का? रोजच्या चार कप चहाचा हिशेब आधी करा.

इंदिरानगरकर

चहाचा हिशेब करायलाच हवा, त्यात वाद नाही. साबुदाण्याचीही बाजू मी घेत नाही. पण खिचडीत मूठ-दोन मुठी शेंगदाण्याचं कूट पडतं, त्यातून प्रथिनं मिळतात. रताळ्यात 100 ग्रॅमला दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, गुळा-तुपाने त्यात काहीच भर पडत नाही. म्हणून म्हणते, रताळं चांगलंच आहे, पण त्याचं श्रेय पाकाला देऊ नका.

ब्रह्मगिरी फेरी

मी दरवर्षी तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरी डोंगराच्या फेरीला, म्हणजे प्रदक्षिणेला जातो. पावसात, चिखलात, उपाशीपोटी तासन्‌तास चालणाऱ्याला 340 कॅलरी जास्त नाहीत. गूळ पटकन अंगी लागतो, रताळं नंतर पुरतं. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला गावोगावहून पायी येणारे वारकरी बघा, त्यांना कोणी 25 ग्रॅम मोजायला सांगेल का? पदार्थ वाईट नसतो, खाऊन बसून राहणं वाईट.

इंदिरानगरकर

दादा, फेरीला चालणाऱ्यांना माझा पूर्ण होकार. पण ग्रुपवरची ती ओळ फेरीला जाणाऱ्यांसाठी नव्हती. ती घरात बसून उपास करणाऱ्या साठीच्या पुढच्या माणसांसाठी होती.

मेनरोड

बीटा कॅरोटीनवर, म्हणजे शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं त्या द्रव्यावर, कोणी बोललंच नाही, आणि खरी गल्लत तिथे आहे. आपल्याकडे मंडईत मिळणारं रताळं बाहेरून लाल, आतून पांढरं. बीटा कॅरोटीन केशरी गराच्या रताळ्यात भरपूर असतं, पांढऱ्यात नावाला. सालीचा लाल रंग हे वेगळंच द्रव्य, आणि साल तर आपण काढून टाकतो. मग खजिना आला कुठून? अमेरिकेत थँक्सगिव्हिंगला केशरी रताळी ब्राऊन शुगर आणि लोण्यात शिजवतात, वर मार्शमेलो लावतात. त्या पदार्थाचे आकडे इंटरनेटवरून उचलायचे आणि आपल्या पांढऱ्या फोडींना चिकटवायचे, असं चाललंय.

केशरी रताळ्याचं महत्त्व मात्र मोठं आहे. आफ्रिकेत अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर ते पसरवणाऱ्या शास्त्रज्ञांना 2016 चा वर्ल्ड फूड प्राइझ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने 'भू सोना' हे केशरी वाण काढलंय. ते नाशिकच्या बाजारात सहज मिळायला लागलं तर मी स्वतः या कृतीचा प्रचार करेन, कारण बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागतेच. पण त्याला चमचाभर तूप पुरतं, तीन मोठे चमचे नव्हे.

गोदाकाठ

हे मान्य. खजिना वगैरे शब्द काढून टाका. पण 'पौष्टिक' हा शब्द काढायला माझा विरोध कायम. आतून पांढरं असलं तरी ते कंदमूळ आहे, मैदा नाही.

सातपूर कॉलनी

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक, रताळं कसं शिजवता याने फार फरक पडतो. उकडलेल्या रताळ्यापेक्षा भट्टीत किंवा निखाऱ्यावर भाजलेलं रताळं रक्तातली साखर बरंच जास्त चढवतं. रताळं सावकाश तापत गेलं की त्यातलंच एक विकर (एन्झाइम) पिष्टाची माल्टोज नावाची साखर करतं. म्हणून भाजलेलं रताळं काही न घालता गोड लागतं. ज्यांना मधुमेह नाही त्यांनी तेच खावं, पाकाची गरजच पडत नाही. मधुमेह असेल तर सालीसकट वाफवून, कोमट झाल्यावर, मोजक्या फोडी, सोबत दही किंवा शेंगदाणे. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एकीकडे दिवसभर उपाशी आणि मग संध्याकाळी वाटीभर गुळाची रताळी, यात साखर आधी खाली जाते आणि मग उसळते.

दोन, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियम जपावं लागतं. त्यांना कोणतंच रताळं 'बिनधास्त' नाही.

पंचवटी

सगळं पटलं, पण गोडाशिवाय शिवरात्र आमच्याकडे होत नाही. मुलं वाट बघतात.

इंदिरानगरकर

मुलांसाठी करतेच मी. अर्धा किलोला साठ ग्रॅम गूळ, एक मोठा चमचा तूप, आणि फोडी आधी वाफवून घ्यायच्या म्हणजे तूप कमी पितात. शेवटी झाकण ठेवून मंद आचेवर. मोठ्यांसाठी रताळ्याचा कीस: जिरं, हिरवी मिरची, कूट, वरून लिंबू. सासूबाईंना तो आवडतो, आणि कूट असल्याने थोडा खाल्ला तरी पोटाला आधार राहतो.

गोदाकाठ

साठ ग्रॅमला पाक फोडींना धरत नाही, आईला विचारून सांगतो. शंभरापर्यंत खाली यायला आमची तयारी आहे, त्याखाली नाही. आणि कीस आमच्याकडेही होतो, पण नैवेद्याच्या वाटीत गोड फोडीच जाणार. ग्रुपवरची ती मधुमेह्यांची ओळ मात्र आजच काढायला सांगा. तिथे मी तुमच्या बाजूने आहे.