पुढे कसले स्क्रीन येतील माहीत नाही, मग कंटेंट आत्ता कसा करून ठेवायचा?

अर्धा_पिक्सेल

मंडळी, एक प्रश्न आहे, उत्तर सरळ असेल असं वाटत नाही तरी विचारतो. माझ्याकडे साधारण ९०० पानांची माहितीची साइट आहे, लेख, तक्ते, फॉर्म, आकृत्या असलं सगळं. आत्तापर्यंत ती तीनदा पाडून बांधलीय. आधी मोबाइलसाठी वेगळी साइट काढली, पत्त्याच्या आधी एम आणि टिंब लावून, तिच्यात निम्मीच पानं होती आणि लोक शिव्या घालायचे. मग रिस्पॉन्सिव केलं, म्हणजे एकच साइट पण स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारी, ३२०, ७६८, १०२४ पिक्सेल असे तीन ब्रेकपॉइंट (जिथे मांडणी बदलते त्या रुंद्या) ठोकले आणि वाटलं सुटलो. मग स्क्रीनच्या वरच्या कडेला खाच असलेले नॉचवाले फोन आले, त्यासाठी परत बरंच काही उकरलं, मग घडीचे आले, आणि गेल्या महिन्यात एकाने घडी बंद असतानाच्या त्या अरुंद स्क्रीनचा फोटो पाठवला त्यात आमचा मेन्यू लोगोच्या मांडीवर बसलाय.

आता वरून फर्मान असं की या वेळी असं करा की दहा वर्षं परत हात लावायला नको. म्हणजे घड्याळ, गाडीतला स्क्रीन, चष्मा, बोलणारा स्पीकर, अजून जे काय निघेल ते, सगळ्यावर चाललं पाहिजे. मी यादी करायला बसलो, कुठल्या उपकरणाला किती रुंदी, आणि एकोणिसाव्या ओळीला सोडून दिलं. तर ब्रेकपॉइंट किती ठेवू? सात? नऊ? का हा सगळा ज्योतिषाचा धंदा आहे?

जुनं_खोड

ज्योतिषच आहे, आणि यात आजवरचे सगळे ज्योतिषी तोंडावर आपटलेत, मला धरून. आम्ही सुरुवात केली तेव्हा ६४० बाय ४८० होतं, मग ८०० बाय ६००, मग १०२४, आणि पानाच्या तळाला बिनदिक्कत लिहायचो की ही साइट अमुक ब्राउझरमध्ये अमुक रुंदीवर छान दिसते, म्हणजे पाहुण्याला सांगायचं की उंची मोजून आलास तरच आत ये. १९९८ ला वॅप आलं तेव्हा सगळे म्हणाले फोनसाठी वेगळीच भाषा लागणार, डब्ल्यूएमएल, त्यात पान नसायचं, 'डेक' असायचा आणि डेकमध्ये 'कार्डं', आणि लोकांनी खरंच मजकूर परत त्यात बसवला. २००७ ला आयफोन आला तो साधं एचटीएमएल, वेबपानांची नेहमीची भाषा, उघडत, स्क्रीन ३२० पिक्सेलचा पण पान ९८० रुंद आहे असं धरून मांडायचा आणि बारीक करून दाखवायचा. कार्डं गेली, साधी पानं राहिली. मग सगळ्यांनी ३२० म्हणजे दगडावरची रेघ धरली, याच्याखाली काही जाणार नाही म्हणून. २०१९ ला पहिला गॅलक्सी फोल्ड आला, त्याचा बाहेरचा स्क्रीन सीएसएसच्या (पानाची मांडणी-सजावट ठरवणारी भाषा) हिशोबात २८० पिक्सेल. तुझा मेन्यू लोगोच्या मांडीवर बसला तो तिथेच बसला असणार.

मी स्वतः काय केलं ते सांगतो, हसू नका. एक टेक्स्ट फाइल होती, त्यात फोनच्या मॉडेलांची नावं. ब्राउझर आपली ओळख म्हणून जी ओळ पाठवतो ती या यादीशी ताडायची, जुळली की मोबाइलचं पान द्यायचं. दर शुक्रवारी यादीत भर. २०१९ लाच आयपॅडओएस १३ आलं, त्यातली सफारी स्वतःला मॅक म्हणवून घ्यायला लागली आणि आमचे सगळे आयपॅडवाले एका अपडेटमध्ये डेस्कटॉपवाले झाले. त्यांना मिळाला माउस नेल्यावर उघडणारा मेन्यू, बोट लावलं की उघडायचा आणि तेवढ्यात मिटायचा. फाइल त्याच आठवड्यात उडवली.

तर उपकरणं मोजू नकोस. पान उघड, ब्राउझरची खिडकी जेवढी अरुंद होते तेवढी कर आणि हळूहळू ओढत रुंद कर. जिथे ओळ इतकी लांब होते की पुढची ओळ शोधताना डोळा चुकतो, किंवा दोन गोष्टी उगाच लांब पडल्यासारख्या वाटतात, तिथे ब्रेकपॉइंट. तो आकडा ६१३ आला तर ६१३, लाजायचं नाही. काही पानांना एक पुरतो, नुसत्या लेखाच्या पानाला बहुतेक वेळा एकही लागत नाही. आणि तो ईएममध्ये, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पटीत लिही, पिक्सेलमध्ये नको, म्हणजे ज्याने ब्राउझरमध्ये अक्षर मोठं करून ठेवलंय त्याच्याकडेही तो योग्य जागी बसतो. २०१० मध्ये ईथन मार्कॉटने रिस्पॉन्सिव वेब डिझाइन हे नाव दिलं तेव्हा तीन गोष्टी सांगितल्या होत्या, प्रवाही ग्रिड, लवचिक चित्रं आणि मीडिया क्वेरी (स्क्रीनची रुंदी वगैरे बघून वेगळे नियम लावणं), आपण बहुतेकांनी तिसरीच उचलली कारण ती ठोकायला सोपी.

टिंब_टिंब

मी जरा उलट बोलतो. दहा वर्षं हात न लावता चालेल असं काही नसतं हो, साहेबांना तसं स्पष्ट सांगा. चष्म्यासाठी आत्ता डिझाइन करणं म्हणजे बाजारात तुरी. एका प्रोजेक्टवर आम्ही 'भविष्यासाठी' म्हणून सगळा मजकूर इतका बारीक तोडला की एका बातमीला ३४ रकाने भरायला लागायचे, लिहिणारे वैतागले आणि सगळं पहिल्याच रकान्यात पेस्ट करायला लागले. आजचे लोक आज कशावर बघतायत ते बघा, तेवढं नीट करा, पुढचं पुढे.

डोळे_मिटून

मी ब्राउझर वापरतो पण स्क्रीन बघत नाही, स्क्रीन रीडरवर ऐकतो. त्यामुळे तुम्ही ज्याला भविष्यातला बिनपडद्याचा डिव्हाइस म्हणताय तो माझ्याकडे पंधरा वर्षांपासून आहे, टिंब_टिंब भाऊ, यात तुरी बाजारात नाहीत, शिजून ताटात आहेत.

सगळ्यात जास्त मला कशाने अडतं सांगू, लेआउटने नाही, वाक्यांनी. 'उजवीकडच्या चौकटीतला फॉर्म भरा.' उजवीकडे म्हणजे कुठे? मला सगळं एकामागून एक ऐकू येतं, त्यात डावं-उजवं नाहीच. 'लाल रंगातली नावं अपात्र आहेत.' 'खालील हिरवं बटण दाबा.' 'इथे क्लिक करा', आणि लिंकांची यादी ऐकायला घेतली की इथे, इथे, इथे, इथे, चौदा वेळा. आणि अर्धा_पिक्सेल, गंमत बघा, तुमच्या फोनवर ती उजवीकडची चौकट कुठे गेलेली असते? लेखाच्या खाली. म्हणजे डोळे असलेल्या माणसालाही ते वाक्य चुकीचंच सांगतंय. 'नोंदणीचा फॉर्म भरा' म्हणा आणि त्या शब्दांनाच लिंक द्या, मग तो फॉर्म डावीकडे असो, खाली असो, नाहीतर कुणी कानात वाचून दाखवत असो.

तक्त्याचं पण तेच. रकान्याच्या मथळ्यांना नुसतं ठळक केलेलं असतं, मथळा म्हणून मार्क केलेलं नसतं, मग मला ऐकू येतं, 'बारा. चाळीस. नाही. बारा. पंचावन्न. हो.' कसले बारा, कशाला नाही? तेच मथळे टीएच टॅगमध्ये, म्हणजे 'हा मथळा आहे' असं सांगणाऱ्या खुणेत असतील तर मी खाली-वर जाताना रीडर प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव सांगतो. दिसायला दोन्ही तक्ते सेम टु सेम.

जुनं_खोड

डोळे_मिटून म्हणतायत त्याला एक जोड. २०१८ ला वॉचओएस ५ मध्ये ॲपलच्या घड्याळावर मेल आणि मेसेजमधल्या लिंका उघडायला लागल्या. घड्याळासाठी कुणी साइट बनवलेली नव्हती. तर त्याने काय केलं, पान ३२० रुंद आहे असं धरून मांडलं आणि चिमुकलं करून दाखवलं, आणि मजकूर जास्त असेल तर थेट रीडर मोडमध्ये, म्हणजे नुसता लेख दाखवणाऱ्या मांडणीत घातलं. आता रीडरला कसं कळणार की लेख कुठला आणि जाहिरात कुठली? आर्टिकल टॅग, एच१, परिच्छेद, फोटोखालची ओळ हे जिथे खरे टॅग होते तिथे तो मनगटावर सुद्धा वाचण्यासारखा दिसला. जिथे सगळं डिव्हच्या (काहीच अर्थ न सांगणारा नुसता डबा) आत डिव्ह आणि मथळा म्हणजे नुसता मोठा फाँट, तिथे नशिबाचा खेळ. ज्यांनी टॅग नीट लावले होते त्यांनी घड्याळाचा विचार केलाच नव्हता, फुकटात मिळालं त्यांना.

टिंब_टिंब, ३४ रकाने हा मूर्खपणाच होता, मान्य. पण त्यात दोष रकान्यांचा की आकड्याचा?

फाइलवाला

मी कंटेंट सांभाळतो, कोड नाही, त्यामुळे त्या बाजूचं. अमेरिकेतल्या एनपीआर रेडिओवाल्यांनी २००९ च्या सुमारास कोप नावाची पद्धत मांडली होती, क्रिएट वन्स, पब्लिश एव्हरीव्हेअर. बातमी एकदाच लिहायची पण सुट्या भागांत, मथळा वेगळा, छोटा मथळा वेगळा, सारांश वेगळा, ऑडिओ, फोटो, मजकूर वेगळा, आणि साइट, ॲप, बाहेरचे लोक सगळे त्याच साठ्यातून हवं ते उचलतात. २०१० ला आयपॅड आला तेव्हा त्यांना बातम्या परत लिहायला बसावं लागलं नाही.

३४ ची गरज नाही. मी सहा ठेवतो. मथळा, ४० अक्षरांच्या आतला छोटा मथळा, दोन वाक्यांचा सारांश जो एकटा वाचला तरी कळेल, मजकूर, तारीख तारखेच्याच रकान्यात, आणि चित्राचं वर्णन. छोटा मथळा रोज छळतो पण तोच सगळीकडे उपयोगी पडतो, नोटिफिकेशनमध्ये, सर्चमध्ये, घड्याळावर. मशीनने कापलेला मथळा कसा दिसतो ते एकदा बघा, 'पाणीपुरवठा उद्या बंद राहणार ना...' पुढे 'ही' होतं. 'नाही'तली 'ही' कापली गेली आणि लोकांनी फोनवर फोन केले.

आणखी एक, यातून मी स्वतः भाजून निघालोय. आमच्याकडचे जुने लेख युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले होते. तो फाँट असलेल्या मशीनवर देवनागरी, बाकी सगळीकडे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. आम्ही मजकूर साठवला असं समजत होतो, प्रत्यक्षात साठवलं होतं एका मशीनवरचं दिसणं. कन्व्हर्टर लावला तरी र्‍हस्व वेलांट्या आणि रफार मागे-पुढे, दोन जण सात महिने प्रूफ तपासत होते. तीच गोष्ट तक्त्याचा फोटो काढून चिकटवण्याची. तीच फ्लॅशची, पानांत ॲनिमेशन चालवायच्या त्या प्लगइनची, ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने सपोर्ट बंद केला आणि ज्यांचा मजकूर त्याच्या पोटात होता त्यांना मूळ फाइली शोधत फिरावं लागलं, ज्यांचा एचटीएमएलमध्ये होता त्यांचं फक्त ॲनिमेशन गेलं. त्यामुळे मी आता एकच प्रश्न विचारतो, सगळी सजावट उडवली तर जे उरेल ते वाचून माणसाचं काम होतं का? १९९१ चं पहिलं वेबपान नुसत्या अक्षरांच्या टर्मिनलवरही वाचता यायचं, आजच्या फोनवरही वाचता येतं.

टिंब_टिंब

सहा रकान्यांना माझी हरकत नाही, चौतिसांना होती. आणि डोळे_मिटून, तुरीचं मागे घेतो.

फक्त एक, लेआउटच्या बाजूला एवढं सोपं नसतं. एकच कार्ड कधी रुंद भागात बसतं कधी साइडच्या पट्टीत, खिडकी मोठी असली तरी पट्टी अरुंदच. ते मीडिया क्वेरीने कधीच नीट जमलं नाही. आता कंटेनर क्वेरी आहेत, फेब्रुवारी २०२३ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये, कार्ड आपल्या भोवतीच्या डब्याची रुंदी बघून स्वतःला मांडतं, स्क्रीन किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि माउस आहे का बोट हे रुंदीवरून ओळखू नका, त्यासाठी होव्हर आणि पॉइंटरच्या वेगळ्या क्वेरी आहेत, टचवाल्या लॅपटॉपवर दोन्ही असतं. माउस नेल्यावरच दिसेल असं काही महत्त्वाचं ठेवूच नका हे बरं.

अर्धा_पिक्सेल

सगळ्यांना धन्यवाद, उत्तर उशिरा देतोय कारण दोन दिवस हेच करत होतो.

ब्रेकपॉइंट तूर्तास बाजूला ठेवले. आधी डोळे_मिटून यांचं वाचून पूर्ण साइटच्या मजकुरात 'उजवीकडे', 'डावीकडे', 'खालील बटण', 'येथे क्लिक' शोधलं. ४१२ जागा. त्यातली ३० तर मीच लिहिलेली, नावासकट. एका पानावर 'उजवीकडील नकाशा पहा' आहे आणि तो नकाशा दुसऱ्यांदा बांधताना आम्हीच काढून टाकलाय, कुणाला पत्ता नाही.

मग सीएसएस पूर्ण बंद करून दहा पानं वाचली. सात ठीक. दोन पानांवर लेख सुरू व्हायच्या आधी मेन्यूच्या ९० ओळी. आणि एक पान पूर्ण कोरं, म्हटलं हे काय, तर शुल्काचा अख्खा तक्ता जेपीजी आहे आणि त्याच्या ऑल्टमध्ये, चित्राच्या वर्णनाच्या जागी, लिहिलंय 'स्कॅन००४'.

वर असं कळवलंय की दहा वर्षांची हमी मजकुराची देतो, दिसण्याची नाही. त्यावर अजून उत्तर नाही. एक शंका उरलीय, तो तक्ता ११ रकान्यांचा आहे, टाइप करून घेतो, मथळे टीएचमध्ये, पण २८० वर ११ रकाने कसे बसवायचे?

डोळे_मिटून

बसवू नका. तक्ता आपल्या चौकटीत आडवा सरकू द्या, पान नको सरकायला. वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांची २०१८ ची आवृत्ती आहे, २.१, त्यात ३२० रुंदीवर दोन्ही दिशांना सरकवायला लावू नका असं आहे, म्हणजे १२८० च्या स्क्रीनवर ४०० टक्के झूम केल्यावर उरते ती रुंदी, पण ज्या तक्त्याला आडवी मांडणी लागतेच त्याला सूट आहे. फक्त ती चौकट कीबोर्डवरून सरकवता आली पाहिजे, माउसवाले हे नेहमी विसरतात.

आणि ११ रकाने खरंच लागतात का ते शुल्कवाल्यांना विचारा एकदा.

अर्धा_पिक्सेल

विचारलं. चार रकाने २०१६ पासून रिकामेच आहेत म्हणे.