विनोदी गाण्याचं हाताने काढलेलं ॲनिमेशन: लय, बोर्ड आणि कागदाचा हिशोब

रेघोटी
पुण्यात एक छोटी विनोदी संगीतिका बसते आहे. विषय सोसायटीची सर्वसाधारण सभा आणि पाण्याचा टँकर. त्यातलं चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार यांचं तीन मिनिटांचं गाणं हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये करायचं आहे. ताल केरवा, लय १३२ (मिनिटाला इतक्या मात्रा), क्लिकवर, म्हणजे कानात मेट्रोनोमचा ठोका ठेवून, रेकॉर्ड झालेलं. काढणारे दोघं, हातात तीन महिने, ए-४ स्कॅनर आणि लाइट बॉक्स आहे. स्टोरीबोर्डाला, म्हणजे चित्रांच्या कच्च्या आराखड्याला, किती चौकटी लागतील? मधल्या कडव्यात एका मात्रेत चार-चार अक्षरं आहेत, तिथे ओठ कसे जुळवायचे? आणि नेमकं पहिलं काम कोणतं करायचं?

केरवा_लग्गी
पहिलं काम फ्रेमचा हिशोब. पेन्सिल त्यानंतर.

सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर मिनिटाला १४४०, आणि १४४० भागिले लय म्हणजे एका मात्रेच्या फ्रेम. १२० ला १२, १४४ ला १०, ९६ ला १५. तुमच्या १३२ ला १०.९ येतात, तिथेच घोळ होतो. सरळ ११ धरल्या तर तीन मिनिटांच्या ३९६ मात्रांमध्ये चित्र ३६ फ्रेम, म्हणजे दीड सेकंद मागे पडतं. पहिल्या कडव्यात फरक जाणवत नाही, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते आणि तोवर निम्मी चित्रं काढून झालेली असतात.

गाण्याची लय १३०.९ करून घ्या. फरक एक टक्क्याहून कमी आहे, सूर न हलवता केला तर कानाला कळणार नाही. मग मात्रा बरोबर ११ फ्रेमची, आठ मात्रांचं आवर्तन ८८ चं. ट्रॅकला हात लावायचा नसेल तर दर ११ मात्रांमागे दहा मात्रा ११ फ्रेमच्या आणि एक १० ची ठेवा, चूक साठत नाही.

क्लिक नसलेलं एखादं पद पुढे घेतलंत तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते वाजवत प्रत्येक समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) कंट्रोल-एम दाबून खूण करा आणि वेळ २४ फ्रेमच्या मापात वाचा. तबला मोकळ्या लयीत असेल तिथे सरासरी लय काढून उपयोग नाही, प्रत्येक सम वेगळी नोंदवावी लागते.

हे आकडे एक्स-शीटवर (फ्रेमला एक ओळ असलेल्या तक्त्यावर) उतरवताना पहिल्या रकान्यात मात्रा, दुसऱ्यात अक्षर, तिसऱ्यात कृती. अक्षर ज्या फ्रेमला ऐकू येतं त्याच ओळीत लिहा, छापील कवितेसारखं नको.

निळी_पेन्सिल
वरच्या हिशोबाने तुमचं गाणं साडेएकोणपन्नास आवर्तनांचं आहे. आवर्तनाला एक चौकट धरा, म्हणजे पन्नास, आणि विनोद जिथे फुटतो तिथे तीन-चार जास्तीच्या. एकूण सत्तरच्या आत राहा. चौकटीखाली ओळ, मात्रा क्रमांक आणि फ्रेमसंख्या हवीच. मग या चौकटी ट्रॅकवर लावून ॲनिमॅटिक, म्हणजे स्थिर चित्रांची कच्ची फिल्म, बघा. जे त्यात हसू आणत नाही, ते ॲनिमेट करूनही आणत नाही.

विनोदी गाण्यात चित्राने शब्दाच्या पुढे धावू नये, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. समजा ओळ अशी आहे: "टाकी भरली कागदावरती, नळाला आली हवा". दोन आवर्तनं, १७६ फ्रेम. बोर्डावर कोरडा नळ आधीच दाखवलात तर "हवा" वाया गेली. म्हणून पहिल्या आठ मात्रा फक्त चेअरमन आणि टाकी भरल्याची नोंद असलेलं रजिस्टर. नवव्या मात्रेला, फ्रेम ८९ ला, नळाखाली बादली. फ्रेम १२१ पासून नळ फुगायला लागतो, चार-पाच चित्रांत. "वा" चौदाव्या मात्रेवर, फ्रेम १४४ ला आहे. नळातून वाऱ्याचा झोत १४२ लाच सुटू द्या, कारण ठोक्यावरची कृती दोन फ्रेम आधी आली तर डोळ्याला बरोबर वाटते. झोताने रजिस्टरचं तेच पान उडतं आणि १५५ ला सेक्रेटरीच्या तोंडावर चिकटतं. तिथून १७६ पर्यंत काहीही हलवू नका. हा बावीस फ्रेमचा होल्ड सोडला तर हसायला जागा राहत नाही.

होल्ड गोठलेला दिसू नये म्हणून तेच चित्र तीनदा ट्रेस करा आणि दोन-दोन फ्रेमला एकामागून एक फिरवा. दोनच चित्रं फिरवलीत तर रेष थरथरते, यंत्रासारखी.

आता जलद कडवं. ११ फ्रेममध्ये चार अक्षरं म्हणजे अक्षराला पावणेतीन फ्रेम, सगळी तोंडं काढलीत तर नुसती फडफड दिसते. इंग्रजी ऑपरेटातल्या (हलक्याफुलक्या संगीतिकेतल्या) पॅटर साँगमध्ये, म्हणजे भरभर शब्दांच्या विनोदी गाण्यात, शब्द कळावेत म्हणून साथ हलकी ठेवतात, तसंच इथे चित्र हलकं ठेवा: पार्श्वभूमी साधी, शरीराला मात्रेवर एकच झोका. तोंडाचे सात आकार पुरतात: मिटलेलं (प, ब, भ, म), आ, इ-ए, उ-ओ, दात ओठावर (व, फ), जीभ वर (त, द, न, ल) आणि दात जुळलेले (च, ज, स, श). जलद भागात फक्त मिटलेलं तोंड आणि मोठा आ यांना चुकवू नका, बाकीचे गाळले तरी चालतात. मिटलेल्या तोंडाला किमान दोन फ्रेम हव्यात. कमी पडल्या तर आधीच्या स्वरातून घ्या, पुढच्यातून घेतल्या तर तोंड उशिरा उघडतं आणि ते लगेच खटकतं.

कागद आप्पा बळवंत चौकात मिळणारा साधा ७५ जीएसएमचा ए-४ रीम चालतो. ऑफिसच्या दोन भोकांच्या पंचने खालच्या कडेला भोकं पाडा (त्यांच्यात ८ सेंटिमीटर अंतर असतं), त्याच मापाच्या दोन खुंट्या पट्टीवर बसवा, म्हणजे प्रत्येक कागद त्याच जागी बसतो. एका वेळी तीनच कागद पंच करा. दहा घेतलेत तर खालचे सरकतात आणि पडद्यावर पात्र उड्या मारतं. तशीच दुसरी पट्टी स्कॅनरच्या कडेला चिकटवा. कागदावर चित्राची चौकट २७ बाय १५.२ सेंटिमीटरची, २०० डीपीआय रंगीत स्कॅन, फुल एचडीला पुरतं. स्कॅनरचं आपोआप उजेड सुधारणं बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक कागदाचा पांढरा वेगळा येऊन चित्र लुकलुकतं. रफ फिक्या निळ्या पेन्सिलीने काढलंत तर स्कॅनमधला फक्त निळा चॅनल ठेवायचा, निळ्या रेषा जवळपास नाहीशा होतात, काळी उरते. खोडण्याचं काम वाचतं.

दोन-दोन फ्रेमला एक चित्र धरलं तर २१७८ चित्रं होतात. होल्ड, फिरती चित्रं आणि ध्रुवपदाचा पुनर्वापर धरून ती हजार-बाराशेवर आणा. दोघांना तीन महिन्यांत ते झेपेल. पुनर्वापर करायचा असेल तर धड, डोकं आणि तोंड वेगळ्या कागदांवर हवं, हे बोर्डाच्या वेळीच ठरवा.

रेघोटी
लय १३०.९ करून घेतोय. आणखी एक: हे गाणं भरत नाट्य मंदिरात पडद्यावर चालू असताना गायक समोर प्रत्यक्ष गाणार आहेत. तिथे काय बदलेल?

विंगेतून
बरंच बदलेल. क्लिक तबलजीच्या कानात द्या, गायकांना नको, ते त्याने ताठरतात. फिल्म सलग एका फाइलमध्ये ठेवू नका. कडव्यागणिक तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी वर सांगितलेला तीन चित्रांचा होल्ड फिरत राहू द्या. हशा ओसरला, गायकाने श्वास घेतला की पुढचा तुकडा सोडायचा. सोडणारा माणूस गाणं पाठ असलेला हवा, एक्स-शीट समोर ठेवून. आपल्या प्रेक्षकाला संगीत नाटकापासून "वन्स मोअर"ची सवय आहे, तेव्हा शेवटचं कडवं पुन्हा सुरू करण्याची सोय आधीच करून ठेवा.

आणि ती दोन फ्रेमची आघाडी या आवृत्तीत काढून टाका. आवाज एका फ्रेमच्या वेळात सुमारे १४ मीटर जातो. मागच्या रांगेला चित्र आपोआपच आधी दिसतं, त्यात आणखी दोन फ्रेम मिळवल्या तर "हवा" कानावर येण्याआधीच पान उडालेलं असेल.