'कंपॅटिबल' परवान्याला मराठीत काय म्हणावं?

विचारणा: मुक्तस्रोत सॉफ्टवेअरबद्दल मराठीत लिहिताना 'लायसन्स कंपॅटिबिलिटी'साठी (म्हणजे एका परवान्याखालचा कोड दुसऱ्या परवान्याखालच्या कोडात मिसळता येण्यासाठी) 'परवाना-सुसंगती' चालेल का? की 'अनुज्ञप्ती'पासूनच सुरुवात करावी?

प्रतिसाद १: 'परवाना'च ठेवा. 'अनुज्ञप्ती' सरकारी कागदावरच राहिली, बोलण्यात उतरली नाही. खरी अडचण 'सुसंगत'ची आहे. 'क' हा 'ख'शी सुसंगत म्हटलं की 'ख'सुद्धा 'क'शी सुसंगत, असंच मराठी कानाला वाटतं. परवान्यांचा रस्ता मात्र बहुधा एकेरी असतो. अपाचे आणि जीपीएल हे दोन मुक्तस्रोत परवाने घ्या; पुढचे आकडे त्यांच्या आवृत्त्यांचे. अपाचे २.० चा कोड जीपीएल ३ च्या प्रकल्पात घेऊन सगळं मिळून जीपीएल ३ खाली देता येतं. जीपीएल ३ चा कोड घेऊन केलेलं सॉफ्टवेअर अपाचेखाली देता येत नाही. म्हणून दिशा दाखवणारं क्रियापद हवं: 'जीपीएल ३ मध्ये अपाचे २ सामावतो.'

प्रतिसाद २: 'सामावतो' पटलं. पण आवृत्तीचा आकडा कधीही गाळू नका. जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते जीपीएल २ मध्ये अपाचे २ सामावत नाही, कारण अपाचेतली पेटंटविषयक कलमं तिथे जादा अट ठरतात आणि जीपीएल २ चं सहावं कलम जादा अटींना मनाई करतं. 'फक्त २' की '२ किंवा त्यापुढची' हे परवान्याच्या संहितेवरून कळत नाही. ती दोन्हीकडे तीच असते. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावरचं निवेदन वाचावं लागतं. तिथे 'किंवा त्यापुढची' असेल, तर जीपीएल ३ ची वाट धरली की गाठ सुटते.

विचारणा: आणि 'फक्त २' असेल तर? समजा, ओपनएसएसएल ही सांकेतिक (एन्क्रिप्टेड) संपर्काची लायब्ररी जोडायची आहे.

प्रतिसाद २: आधी ओपनएसएसएलची आवृत्ती पाहा. ३.० च्या आधी तिच्या परवान्यात जाहिरातींमध्ये श्रेय द्यायची अट होती. ती जीपीएलच्या दोन्ही आवृत्त्यांत बसत नाही. २०२१ मध्ये आलेली ३.० अपाचे २ खाली आहे, म्हणजे जीपीएल ३ मोकळा झाला, 'फक्त २' अडकलेलाच. तिथे दोन उपाय: तेच काम करणारी जीएनयूटीएलएससारखी दुसरी लायब्ररी घ्या, किंवा जोडणीची लेखी सूट मिळवा. या सुटीला 'अपवाद' म्हणा, 'सवलत' नको; सवलतीला पैशांचा वास येतो. ती जीपीएलखालच्या कोडच्या सगळ्या हक्कधारकांनी द्यावी लागते, एकट्या देखभालकर्त्याची सही पुरत नाही. जुन्या प्रकल्पांत काम इथेच रखडतं.

प्रतिसाद ३: 'दुहेरी परवाना' हा शब्दही फसवा आहे. दोन्ही पाळायचे असं वाटतं, असतो मात्र पर्याय. रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा 'एमआयटी किंवा अपाचे २' खाली मिळते; एमआयटी हा जीपीएल २ मध्ये सामावणारा सैल परवाना. 'फक्त २' वाल्याने एमआयटी निवडावा, प्रश्न मिटला. म्हणून 'पर्यायी परवाने' लिहावं. दोन्ही खरोखर लागू असतील तिथे 'आणि' स्पष्ट लिहा.

प्रतिसाद १: अजून एक जोडी: 'शेजारी ठेवणं' आणि 'एकजीव करणं'. एकाच डिस्कवर दोन स्वतंत्र प्रोग्रॅम नुसते शेजारी असले, तर जीपीएलची हरकत नाही. एकजीव करून दुसऱ्याच्या हाती दिले की अटी लागू होतात. झेडएफएस या फाइल-व्यवस्थेचा परवाना लिनक्सच्या जीपीएल २ मध्ये सामावत नाही, असं मानतात; डेबियन ही लिनक्स-प्रणाली झेडएफएसचं लिनक्स मॉड्यूल स्रोतरूपात देते आणि ते वापरणाऱ्याच्या यंत्रावर बांधलं जातं, ते याच सीमेमुळे.