गॅलरीतल्या पिंजऱ्यात शिसं आणि जस्त: पक्षी पाळणाऱ्यांनी धास्ती घ्यावी का?

गोदाकाठ
नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांना घरं भिडलीत आणि गॅलरीत बजी, लव्हबर्ड, कॉकाटील अशा छोट्या पोपटांचे पिंजरे टांगायची हौसही वाढली आहे. माझं मत असं की जड धातूंचा धोका रानातल्यापेक्षा पिंजऱ्यातल्या पक्ष्याला जास्त. रानातला उडून जातो. हा रोज पिसांवरची तीच धूळ चोचीने साफ करतो आणि तीच जाळी कुरतडतो. नव्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) जाळीवर जस्ताचे बारीक थेंब असतात, ते सोलून गिळले जातात. पक्ष्याची पेषणी, म्हणजे पोटातला दळणारा भाग, खड्यांनी दाणे दळते, तशी धातूही झिजवते आणि तो रक्तात उतरतो. जास्त झालं तर उलट्या, झटके. थोडं थोडं गेलं तर वरून काहीच कळत नाही, आणि मला भीती त्याचीच वाटते. कॅडमियम डीएनएची दुरुस्तीच अडवतं. क्रोम प्लेटिंगमधलं षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) पेशीत शिरून डीएनएला इजा करतं. स्पेनमध्ये १९९८ साली अझ्नालकोयार खाणीतल्या जड धातूंच्या गाळाचा बांध फुटला, त्यानंतर तिथल्या पांढऱ्या करकोच्यांच्या पिल्लांच्या रक्तपेशींत डीएनए तुटलेला आढळला.

लव्हबर्डवाला
उगाच लोकांना घाबरवू नका. ते करकोचे रानातले होते, गॅलरीतले नाहीत. शिवाय रक्तपेशी महिना-दीड महिना जगते, तिच्यातला बिघाड पिल्लात कसा जाईल? पिल्लं अधू निघतात ती रंगासाठी भावाबहिणीची जोडी लावल्यामुळे. हे नाशकात सर्रास चालतं, त्यावर कोणी बोलत नाही.

गोदाकाठ
भावाबहिणीच्या जोड्या बंद व्हायलाच हव्यात, दुमत नाही. पण त्याने शिसं निर्दोष ठरत नाही. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. मादी अंड्याच्या कवचासाठी हाडांतलं कॅल्शियम काढते, त्यासोबत शिसंही सुटतं आणि अंड्यात जाऊ शकतं. म्हणजे रक्तपेशी मेल्या तरी पिल्लाची सुटका नाही.

नाशिकरोड_पशुवैद्य
दोघांनीही तपासणीचा विषय सोडलाय. पक्ष्यांच्या लाल पेशीत केंद्रक असतं, त्यामुळे थेंबभर रक्ताच्या काचपट्टीवर सूक्ष्मकेंद्रकं (मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले डीएनएचे तुकडे) मोजता येतात. पण त्यातून डीएनए दुखावला एवढंच समजतं, कोणत्या धातूने ते नाही. त्यासाठी रक्तातलं शिसं-जस्त मोजावं लागतं. जस्त मोजायचं रक्त रबरी बुचाच्या नळीत घेऊ नका, रबरातलंच जस्त उतरून आकडा फुगतो. एक्स-रेत पेषणीतला धातूचा तुकडा दिसला तर आधी तो काढायचा. शरीरात गेलेला धातू बांधून बाहेर काढणारं औषध आहे, पण पक्षी परत त्याच पिंजऱ्यात गेला तर काय उपयोग?

लव्हबर्डवाला
स्टेनलेस स्टीलचा पिंजरा किती जणांना परवडतो? आम्ही नवी जाळी व्हिनेगरने घासून, धुऊन, उन्हात ठेवतो. तेवढं पुरतं.

पंचवटीकर
आमच्या वाड्यात पिंजऱ्याला जुन्या डब्यातला ऑइलपेंट मारतात. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासूनचा. त्याआधीच्या डब्यात काय असेल कोण जाणे! चोच पहिल्यांदा रंगाच्या पोपड्यालाच लागते.

गोदाकाठ
व्हिनेगरने सुटं जस्त जातं, मुलामा जागीच राहतो. चावणारा पक्षी तो उद्या उकरणारच. स्टील परवडत नसेल तर पक्षी कमी ठेवा, पण चांगल्या पिंजऱ्यात ठेवा. आणि लव्हबर्डवाले, तुम्ही जोडी विकता तेव्हा गिऱ्हाइकाला जाळी कशाची आहे ते सांगता का?

लव्हबर्डवाला
विचारलं तर सांगतो.

गोदाकाठ
न विचारता सांगा.